तांब्याच्या पत्र्यावरची मोकळी जागा

शिरूर सोडलं, घोड नदीचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा मागे पडतो आणि नगर जिल्हा सुरू होतो. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस इथवर येईपर्यंत दमलेला असतो. जमीन कुठे काळी, कुठे नुसता मुरूम. बाजरी निघून गेलेली, शाळू गुडघाभर आलेला, मधूनच कांद्याचे वाफे आणि त्यांना पाणी देणारे शेततळ्यांचे निळे प्लास्टिक. सुप्याजवळ कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसू लागतात. पुढे पाट्या येतात. काहींवर अहमदनगर, काहींवर अहिल्यानगर. नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे बदललं, पण सगळ्या पाट्यांना अजून ते कळलेलं नाही आणि बोलण्यात तर सगळ्यांचं ‘नगर’च आहे.

या खेपेला सोबत एका जुन्या नकाशाची छापील प्रत होती. योडोकस होंडियस या कोरक्यानं ॲमस्टरडॅममध्ये १६०६ च्या ॲटलाससाठी केलेला ‘इंडिया ओरिएंटालिस’. सिंधपासून पार फिलिपिन्सपर्यंतचा पसारा एका कागदात. किनाऱ्यावर नावांची अशी दाटी की अक्षरं समुद्रात उतरायला पाहतात. आतल्या बाजूला मात्र डोंगरांच्या एकसारख्या उंचवट्यांच्या रांगा आणि अंदाजानं सोडलेल्या नद्या. माझी गाडी जिथून चालली होती तो सगळा मुलूख त्या मोकळ्या जागेत बसतो. होंडियसला हा भाग इतका रिकामा का सापडला, हे त्या रिकाम्या जागेतूनच फिरत पाहावं, एवढाच प्रवासाचा हेतू.

होंडियसचा जन्म १५६३ चा, फ्लँडर्समधल्या वाकेन गावातला. वाढला गेंट शहरात, लहानपणीच कोरणीचं काम शिकला. तो विशीत असताना १५८४ मध्ये स्पॅनिश फौजांनी गेंट घेतलं आणि प्रॉटेस्टंट कारागीर वाट फुटेल तिकडे पळाले. हा लंडनला गेला. तिथं खलाशांच्या नकाशांचे पत्रे कोरले, एमरी मॉलिनोच्या १५९२ च्या पृथ्वीगोलांचं कोरीवकाम केलं, लग्नही एका कोरक्याच्याच बहिणीशी केलं. कोलेट व्हान डेन केरे तिचं नाव. १५९३ मध्ये तो ॲमस्टरडॅमला आला आणि तिथलाच झाला. माणूस साधा सरळ होता असं म्हणवत नाही. एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञानं विश्वासानं दाखवलेल्या हस्तलिखितातली आकडेमोड त्यानं परवानगी न घेता आपल्या जगाच्या नकाशाला वापरली. राइटनं पुढे छापील पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याबद्दल चांगलंच सुनावलं. पण धंद्याची नजर होती. थोर नकाशाकार मर्केटर १५९४ मध्ये वारला. त्याच्या वारसांकडचे कोरलेले तांब्याचे पत्रे होंडियसनं १६०४ मध्ये विकत घेतले, त्यांत स्वतःचे छत्तीसेक नवे नकाशे घातले आणि १६०६ मध्ये मर्केटरच्याच नावानं जाडजूड ॲटलास बाजारात आणला. तो तडाखेबंद खपला. १६१२ मध्ये, पन्नाशीच्या आत, तो गेला. बायकोनं आणि मुलांनी दुकान चालवलं. पुढच्याच वर्षी एक चित्र निघालं: मर्केटर आणि होंडियस एका टेबलाशी समोरासमोर, हातात कंपास, पुढ्यात गोल. या बैठकीला मुहूर्त कधी लाभलाच नव्हता, पण गिऱ्हाइकाला घराण्याची परंपरा दिसावी लागते, हे कोलेटबाईंना पक्कं ठाऊक होतं.

नगरचा भुईकोट किल्ला शहरालगत आहे आणि तो आजही लष्कराच्या ताब्यात आहे. गोल आकाराचा, सुमारे पावणेदोन किलोमीटरच्या घेराचा, भोवती रुंद खंदक. आत शिरल्यावर बहुतेक लोक थेट नेत्यांच्या खोल्यांकडे जातात. १९४२ च्या आंदोलनानंतर नेहरू, पटेल, आझाद यांना इथंच ठेवलं होतं आणि ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ नेहरूंनी १९४४ मध्ये याच भिंतींआड लिहिलं. मी तटाकडे गेलो. अहमद निजामशहानं १४९० च्या दशकात शहर वसवलं तेव्हा इथं मातीचा कोट होता. आजचा दगडी तट त्याचा नातू हुसेन निजामशहा याच्या काळातला, १५६० च्या आसपासचा. बसाल्टचे घडीव चिरे, वर माणसाला आडवं पडता येईल इतकी जाडी.

या तटाची सगळ्यात मोठी कसोटी लागली ती १५९५ च्या डिसेंबरात. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला. त्यानं तटाखाली सुरुंग खणले. आतून चाँदबिबीच्या माणसांनी त्यांतले काही शोधून रिकामे केले, तरी एक उडाला आणि तटाला भगदाड पडलं. ते रातोरात बुजवून घेणारी चाँदबिबी नगरच्या प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असते. १५९६ च्या वसंतात वऱ्हाड देऊन तह झाला. आणि नेमक्या त्याच वर्षी ॲमस्टरडॅममध्ये कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकानं एक पुस्तक काढलं, ज्यानं डचांना हिंदुस्थानची वाट उघडून दिली: यान हाउखेन व्हान लिन्सखोतेनचं ‘इटिनेरारिओ’. लिन्सखोतेन १५८३ ते १५८८ गोव्यात आर्चबिशपच्या कचेरीत चिटणीस होता. पोर्तुगीजांनी कुलुपात ठेवलेले जलमार्ग, वारे, बंदरांच्या खुणा त्यानं टिपून घेतल्या. पुस्तकातले नकाशे व्हान लांगरेन घराण्यातल्या कोरक्यांनी कोरले. गोव्याचा मोठा देखणा आराखडा बाप्टिस्टा व्हान दोएटेकमनं. त्यात गल्ल्या, चर्च, बाजार, मांडवीतली जहाजं, सगळं घरागणिक.

गोव्याची गल्ली न् गल्ली तांब्यावर आली आणि नगरचा तट आला नाही, याचं कारण लिन्सखोतेन किनारा सोडून आत फारसा आलाच नाही, हे. दख्खनबद्दल त्यानं लिहिलं ते गोव्यात ऐकलेलं. त्यातही एक अडचण होती. नकाशा कोरणाऱ्याला जागा हवी असते ती अक्षांशात. जहाजावरचा सुकाणूवाला दुपारचा सूर्य मोजून ती देऊ शकतो. बैलांच्या तांड्याबरोबर घाट चढून येणारा वाणी सांगणार ते मुक्काम आणि कोस: चौलहून घाटमाथा इतके मुक्काम, तिथून नगर तितके. निजामशाहीचा बराचसा परदेशी व्यापार चौल बंदरातून चालायचा. घोडे वर यायचे, कापड खाली जायचं. रस्ता रोजचा, पायाखालचा होता. पण मुक्कामांचं अंतर तांब्यावर ठेवायला जागा कुठून आणणार? म्हणून चौल नकाशावर ठळक आणि चौल ज्याच्या जिवावर जगत होतं तो मुलूख रिकामा.

आतल्या माणसाला मात्र हे शहर रिकामं वाटत नव्हतं. इतिहासकार फिरिश्ता लहानपणापासून नगरच्या दरबारात वाढला, १५८९ मध्ये विजापूरला गेला आणि तिथं बसून फारसीत दख्खनच्या सुलतानांचा इतिहास लिहिला. तो त्यानं इब्राहिम आदिलशहापुढे ठेवला तो १६०६ च्या सुमारास. नव्यानं वसलेल्या नगरची बरोबरी तो थेट बगदाद आणि कैरोशी लावतो. कौतुकाचा भाग त्यात असणारच, दरबारी लेखणी आहे. तरी एकाच वेळी इकडे विजापुरात एक माणूस हे शहर जगातल्या थोर शहरांच्या पंगतीला बसवत होता आणि तिकडे ॲमस्टरडॅममध्ये दुसरा त्याच जागी दोन डोंगर काढून मोकळा होत होता.

किल्ल्याच्या वेशीतून बाहेर पडता पडता नाना फडणवीस आठवतात. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना पुण्यात पकडलं आणि या किल्ल्यात आणून ठेवलं. काही महिन्यांनी पैसा मोजून सुटले. नानांचं इथं नाव काढायचं कारण कैद नव्हे, तांब्याचा पत्रा. पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानं जेम्स वेल्स हा चित्रकार काम करत होता. त्याच्या हाताखाली पुण्याचे तांबट कारागीर विलायती पद्धतीची चित्रकला शिकले. गंगाराम तांबट त्यांतला नावाजलेला, वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांब्यावर अक्षरं कोरून भगवद्गीता छापावी असं नानांच्या मनात आलं. १८०० मध्ये नाना गेले, काम अर्धवट राहिलं, आणि मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयानं ते १८०५ मध्ये पुरं झालं. ॲमस्टरडॅममध्ये त्याच्या दोनशे वर्षं आधी ज्या हुनराचे नकाशे निघत होते, त्याच हुनरानं आपल्याकडे पहिल्यांदा निघाली ती पोथी. नकाशे आपल्याकडेही होते, पेशवाईतले मोडी अक्षरांचे, हातानं रंगवलेले, चारी दिशांनी नावं लिहिलेले. कागद फिरवत फिरवत वाचायचे. पण ते एकेकटे असत, दप्तरात बांधून ठेवलेले. छापून दुकानात विकायचा नकाशा ही कल्पनाच इथं नव्हती.

तांब्याचं काम नगरला नवखं नाही. तांबट आणि कासारांची इथली भांडी एके काळी लांबवर जायची. बाजारात भांड्यांच्या एका दुकानात पायरीशी बसून एक म्हातारे गृहस्थ लग्नाच्या आहेराच्या तांब्यावर नाव टाकत होते. आता हे काम मशीनवर होतं, विजेची सुई घरघरत फिरते आणि अक्षर ओढलं जातं. हे मात्र छिन्नी-हातोडीवाले. भांडं पायात धरलेलं, छिन्नी बोटात उभी, हातोडीचा टक्‌ टक्‌ ठेका आणि ठिपक्याला ठिपका लागून ‘चि.सौ.कां.’ उमटत होतं. अक्षर आधी पेन्सिलीनं काढता का, विचारलं.

“कशाला? हात चालतो की.”

“आणि चुकलं तर?”

त्यांनी तांब्या उलटा केला. “आतून ठोकायचं दादा. खड्डा वर येतो. मग घासायचं, पालिश करायचं न् परत टाकायचं. नीट झालं तर गिऱ्हाइकाला कळत नाही. पण बोट फिरवलं तर कळतं.”

होंडियसच्या दुकानात चुकीचं गाव खोडायची रीत शब्दशः हीच होती. पत्रा उलटा करायचा, चुकलेल्या जागेच्या मागून ठोकायचं, पुढून गुळगुळीत करायचं, पुन्हा कोरायचं. फरक दोन. नकाशाचा कोरक्या ठिपके मारत नाही. पोलादी कोरणीच्या बोथट मुठीला तळहातानं रेटा देऊन तो तांब्यातून बारीक चर काढत जातो आणि वळण आलं की हाताऐवजी पत्रा फिरवतो. पत्रा वाळूच्या उशीवर ठेवलेला असतो तो त्यासाठी. आणि दुसरं म्हणजे त्याला सगळं उलटं कोरावं लागतं. पूर्व पश्चिमेला, अक्षरं आरशातली. मग पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून टाकायची, चरांत राहील ती राहू द्यायची, ओलसर कागद ठेवून लाटांमधून दाबून काढायचा. चरांतली शाई कागद ओढून घेतो. रंग नंतर हातानं. म्हाताऱ्यांना मी प्रत दाखवली. त्यांनी चष्मा वर करून नकाशा नव्हे, समुद्रातली अक्षरांची वळणं पाहिली आणि म्हणाले, “हात चांगला आहे.” ही पावती खोटी नाही. होंडियसनं १५९४ मध्ये सुलेखनाचे नमुने देणारं एक पुस्तकच काढलं होतं.

धातूवर कोरण्याचा नगरचा सगळ्यात भारी नमुना नगरमध्ये नाही. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये नगरला ओतली गेली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी, तुर्कस्तानातून आलेला. तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह, अंगावर सुबक फारसी-अरबी अक्षरं, त्यात राजाचं नाव आणि कारागिराचंही. पुढे औरंगजेबानं विजापूर घेतल्यावर १६८६ च्या सुमारास तिच्यावर स्वतःचा लेख कोरून घेतला. तेव्हा हे हात, ही भट्टी, हे अक्षर नगरात होतं. विकायचे नकाशे करायला कुणाला सुचलं नाही, एवढंच.

शहराच्या दक्षिणेला फराहबाग. भल्या मोठ्या चौकोनी तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल. तळं आता कोरडं, गवत वाढलेलं, महालाचा चुना जागोजाग सुटलेला. मधल्या उंच दालनात उभं राहून टाळी वाजवली तर घुमट ती परत देतो. इथं खरं पाहायचं ते पाणी. आसपासच्या उंचावरच्या झऱ्यांचं आणि विहिरींचं पाणी निजामशाहीत जमिनीखालून शहरात, बागांत आणलं होतं. भाजक्या मातीच्या खापरी नळांतून, मधे मधे उसासे ठेवून, नुसत्या उताराच्या हिशोबानं. कापूरवाडी, वडगाव, भिंगार अशा नावांनी ते नळ ओळखले जायचे. ज्यांनी हे केलं त्यांच्या डोक्यात या मुलखाच्या चढउताराचा पक्का नकाशा असला पाहिजे, कारण उतार हातभर चुकला तरी पाणी अडतं. पण तो नकाशा कागदावर आला नाही, जमिनीखालीच राहिला.

फराहबाग निजामशाहीचा मंत्री सलाबतखान यानं १५८३ मध्ये पुरी केली, म्हणजे लिन्सखोतेन गोव्यात उतरला त्याच वर्षी. त्याआधी नगरचा दरबार आतून पाहिलेला एक युरोपीय माणूस होऊन गेला होता. गार्सिया द ओर्ता, गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाला तो औषध द्यायचा, नगरला येऊन राहायचा, दरबारातल्या हकिमांशी वाद घालायचा. त्याचं इथल्या औषधींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. चार वर्षांत क्लुसियस या वनस्पतिज्ञानं त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला काढला. म्हणजे होंडियस तीन-चार वर्षांचा असताना त्याच्या गावापासून फार लांब नसलेल्या छापखान्यात नगरच्या सुलतानाची माहिती पोचलेली होती. पण हिंग, मिरी, आंबा यांसाठी हे पुस्तक वाचणारे वेगळे आणि नकाशे कोरणारे वेगळे. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला. मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली. अशा माणसाची माहिती वापरताना पोर्तुगीजही बिचकत असतील तर नवल नाही.

पाथर्डी रस्त्याला लागून तेरा-चौदा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. सगळं नगर तिला चाँदबिबीचा महाल म्हणतं. आहे ती सलाबतखानाची कबर. ज्यानं बांधली त्याचं नाव गेलं आणि जी लोकांना आवडली तिचं चिकटलं. नकाशांच्या धंद्यातही असंच चालायचं. होंडियसच्या मुलाच्या मृत्यूनंतर १६२९ मध्ये घरचे चाळीसेक पत्रे ब्लाउ या प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतले, होंडियसांचं नाव घासून काढलं, तिथं स्वतःचं कोरलं आणि वर्षभरात आपला ॲटलास काढला. होंडियसनं मर्केटरचं नाव निदान ठेवलं तरी होतं.

वर वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. एका बाजूला नगर, किल्ल्याचा गोल झाडीत बुडालेला. दुसरीकडे आष्टी-पाथर्डीकडे उतरत जाणारं उजाड माळरान. इथं उभं राहिल्यावर पटतं की हा मुलूख रिकामा मुळीच नाही, फक्त विखुरलेला आहे. तीनशेसाठ अंशांत कुठेही पाहा, दर चार-पाच किलोमीटरवर झाडांचा एक पुंजका, म्हणजे एक विहीर, म्हणजे एक गाव.

त्यातला एक पुंजका भातोडीचा. इथं जुना तलाव आहे, सलाबतखानाच्या काळचा समजला जाणारा, इंग्रजी अमदानीत दुरुस्त केलेला. १६२४ च्या अखेरीस मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्यावर चालून आल्या. अंबरनं तलावाचा बांध फोडला. छावणीभोवती चिखल झाला, घोडे रुतले, रसद तुटली आणि मग त्यानं झोडपून काढलं. मोगलांना दख्खनमध्ये बसलेल्या मोठ्या तडाख्यांपैकी हा एक. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूनं लढले, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी इथंच पडले. त्यांची समाधी गावात आहे, गावकरी हौसेनं दाखवतात. बांध कुठून फोडला हेही हात करून सांगतात, आणि दोघांनी दाखवलेल्या जागा एकच नव्हत्या.

याच मलिक अंबरला एक डच माणूस भेटून गेला होता. पीटर व्हान डेन ब्रुका. १६१७ मध्ये डचांची दोन जहाजं गुजरातच्या किनाऱ्याला लागून फुटली, तेव्हा हा सुरतेहून जमिनीच्या वाटेनं थेट मछलीपट्टणला निघाला. वाटेत अंबरच्या छावणीत थांबला. अंबरच्या करारी चेहऱ्याला त्यानं रोमन म्हटलं आहे. त्याच्या धिप्पाड अंगाचं, मुलखातल्या बंदोबस्ताचं वर्णन केलं आहे. हबशातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस एका राज्याचा गाडा ओढतोय, हे त्या व्यापाऱ्याला विलक्षण वाटलं असावं. दख्खन आडवं कापून गेलेला डच, टिपणवही बाळगणारा. होंडियसच्या मुलांना याहून नेमका माणूस सापडला नसता.

त्याच्या नोंदी १६३४ मध्ये हार्लेमला छापून निघाल्या. पुस्तकासाठी एक तांब्याचा पत्रा कोरवून घेतला होता. आद्रियान माताम या चांगल्या कोरक्यानं तो केला. त्यावर सुरत ते मछलीपट्टण वाट नाही, अंबरची छावणी नाही, घाट नाही की गाव नाही. फ्रान्स हाल्सनं रंगवलेल्या चित्रावरून काढलेला खुद्द व्हान डेन ब्रुकाचा चेहरा आहे, हसरा आणि खाऊनपिऊन सुखी.